नाव सांगा, बाई

या प्रवासात तुम्ही बाई आहात. पुरुष असलात तरीही. प्रत्येक थांब्यावर तुमचं वय बदलेल, जात बदलेल, लुगडं बदलेल. गावं मात्र मालव्यातली दोनच: देवास आणि धार. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजांबरोबर आलेल्या पवारांची ही संस्थानं. दरबार मराठी, रयत माळवी आणि भिली बोलणारी.

१९०८, देवास

इंदूरला आगगाडी सोडली की पुढे टांगा. देवासला अजून रेल्वे आलेली नाही. टांग्याला पडदा लावला आहे, तो तुमच्यासाठी. फटीतून दिसेल तेवढंच तुमचं: काळी माती, पळस, एखादी विहीर, आणि मग सपाट रानातून एकदम वर आलेली टेकडी. तिच्यावर चामुंडा आणि तुळजाभवानी अशा दोन देवी. खाली राजेही दोन. पवार भावांच्या वाटणीतून झालेली थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदतात. राजे वेगळे, कारभार वेगळा. घरंदाज बाईनं गोषात राहावं याबद्दल मात्र दोन्ही पात्यांचं एकमत आहे.

वाड्यात तुम्हाला चिकाच्या पडद्याआड बसवतात. आत बायका नव्या राणीसाहेबांबद्दल बोलत आहेत. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचं लग्न यंदा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मुलीशी, राधाबाईंशी झालं. मुलगी चौदाच्या आसपास. तिच्या वडिलांनी सहा वर्षांपूर्वी मागासलेल्या जातींसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या. एवढा पुढचा विचार करणाऱ्या राजाच्या घरातही मुलीच्या लग्नाचं वय हेच.

शेजारच्या आत्याबाई तुमच्याकडे वळतात. "नाव काय गं तुझं?" तुम्ही माहेरचं नाव सांगता. त्या हसतात. "ते नव्हे. इथलं."

तुम्हाला आठवतं: ताटात पसरलेले तांदूळ, त्यावर फिरणारं अंगठीचं बोट, उमटलेली अक्षरं. त्या दिवशी तुम्हाला नवं नाव मिळालं आणि जुन्या नावानं हाक मारणारी माणसं मागे राहिली. आत्याबाईंना देवासचीच एक गोष्ट ठाऊक आहे. इथल्या घाटगे घराण्यातली गजराबाई १८८५ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची दुसरी राणी झाली. पहिल्या राणी त्याच वर्षी वारल्या होत्या. त्यांचं सासरचं नाव चिमणाबाई होतं. नव्या नवरीलाही तेच ठेवलं.

आत्याबाईंना पुढची गोष्ट अजून माहीत नाही, तुम्हाला आहे. हीच चिमणाबाई १९११ मध्ये हिंदी स्त्रीच्या स्थितीवर एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत पुस्तक काढील. बडोद्याच्या दरबारात पडदा सोडून नवऱ्याच्या शेजारी बसेल. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरेल तेव्हा अध्यक्षस्थानी ती असेल. राधाबाईंची वाट वेगळी आहे. त्यांचा संसार मोडेल आणि त्या कोल्हापूरला परततील. त्यांच्यासाठी घटस्फोटाचा कायदा नाही, असलाच तर वडिलांचा दरवाजा. तो उघडा आहे हे त्यांचं भाग्य. १९१९ मध्ये शाहू महाराज कोल्हापुरात स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा करतील, पण तो कोल्हापूरच्या हद्दीवर संपेल. चिकाआड तुमच्या शेजारी बसलेल्या बाईला ना तो कायदा आहे, ना तसे वडील.

१९३०, धार

धारला जायचं तर महूला उतरायचं आणि पुढे खडकाळ रस्त्यानं जायचं. महूच्या छावणीत १८९१ साली एका लष्करी सुभेदाराच्या घरी भीमराव नावाचा मुलगा जन्मला. नाव लक्षात ठेवा, वीस वर्षांनी त्यांची गाठ पडणार आहे.

धारचा लाल दगडाचा किल्ला दिसू लागतो. राघोबांच्या आनंदीबाईंनी इथेच आसरा घेतला आणि १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला जन्म दिला. १८०७ मध्ये आनंदराव पवार वारले तेव्हा शिंदे-होळकरांच्या फौजांपुढे हे संस्थान तगवून धरलं ते विधवा मीनाबाईंनी. आताही गादीवर लहान मूल आहे. १९२६ मध्ये उदाजीराव गेले, दत्तक आनंदराव अज्ञान, म्हणून कारभाराची सूत्रं राणी लक्ष्मीबाई साहेबांकडे आली. म्हणजे धारला बाईनं राज्य चालवणं नवीन नाही. पण तिला ते नेहमी कुणाची तरी आई म्हणून चालवावं लागलं. मूल वयात आलं की तिनं बाजूला व्हायचं.

या थांब्यावर तुम्ही कन्याशाळेत शिकवता. नवरा शिकलेला, म्हणून परवानगी मिळाली. १ एप्रिलपासून ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा लागू झाला आहे: मुलीचं लग्न चौदाच्या आत नको. तुम्ही ती बातमी वर्तमानपत्रातून कापून वहीत ठेवली आहे. मग आखातीज येते. त्या मुहूर्तावर मालव्यात पाळण्यातल्या पोरींपासून सगळ्यांची लग्नं लागतात. सुट्टीनंतर तुम्ही हजेरी घेता. पहिलं नाव, उत्तर नाही. दुसरं, उत्तर नाही. मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहून सांगते, "बाई, ती आता येणार नाही. तिला पाठवणार आहेत." तुम्ही दौतीत टाक बुडवता आणि नावावर आडवी रेघ मारता.

कायदा कुणी मोडला का? नाही. धार हे संस्थान आहे, दिल्लीचा हा कायदा इथे चालतच नाही. उलट हद्दीपलीकडचे लोक मुलींची लग्नं लावायला संस्थानांत येतात.

संध्याकाळी टपाल येतं. किर्लोस्करवाडीहून याच वर्षी निघालेलं 'स्त्री' मासिक. वेष्टणावर तुमच्या यजमानांचं नाव आहे, वाचणाऱ्या तुम्ही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कंदील ठेवून तुम्ही तो अंक वाचता आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना देता. कायदा ज्या हद्दीवर अडला, ती हद्द टपालानं ओलांडली.

१९५१, मध्य भारत

संस्थानं गेली. २८ मे १९४८ ला धार आणि दोन्ही देवास 'मध्य भारत' नावाच्या नव्या राज्यात सामील झाली. त्याच वर्षी क्षयानं आजारी असलेले तरुण गायक कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला आले. बरोबर पत्नी भानुमती. त्याही कुमारजींसारख्याच देवधर मास्तरांकडे शिकलेल्या गायिका. पुढची काही वर्षं त्या गाण्यापेक्षा औषधाच्या वेळा जास्त मोजणार आहेत. अंथरुणावर पडलेल्या कुमारजींच्या कानावर रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी पडतात. पुढे त्यांतून त्यांचं संगीतच बदलेल. ती गाणी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच रचली आणि बायकांनीच जपली. कुठल्याही गाण्याखाली कुणाचं नाव नाही.

तुम्हाला मात्र आज नावं गोळा करायची आहेत. स्वतंत्र देशाची पहिली निवडणूक येते आहे. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला मत, बाईला पुरुषाइतकंच. मतदारयादी करणाऱ्या कारकुनाबरोबर तुम्हाला धार जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाठवलं आहे, कारण परक्या पुरुषाशी बायका बोलायच्या नाहीत.

पहिलं घर. कारकून अंगणात उभा राहतो, तुम्ही आत जाता. घुंगट ओढलेली बाई चुलीपाशी बसलेली.

"नाव सांगा, बाई."

ती सासूकडे बघते. सासू म्हणते, "मांगू की माँ."

"ते नको. हिचं स्वतःचं."

"लिखो ना, मांगू की माँ. सगळं गाव ओळखतं."

तुम्ही समजावता. सरकारला नाव हवं, त्याशिवाय कागद होणार नाही. सासू कपाळाला आठी घालते. परक्याला सुनेचं नाव सांगायचं? उद्या कुणी तिला रस्त्यात नावानं हाक मारली तर? नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये हे तुम्हाला माहेरपासून ठाऊक. तुमच्याकडे त्याला निदान उखाण्याची पळवाट होती. इथे बाईला स्वतःचंही नाव ओठांवर आणायची मुभा नाही. तुम्ही सुनेच्या कानाशी वाकता. "मला एकटीला सांग." ती मान हलवते. हसते, लाजते, पण सांगत नाही. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. अंगणात कारकून वहीत लिहितो: अमक्याची आई, तमक्याची बायको.

ही वही वर जाते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा नियम पक्का आहे: मतदार म्हणजे एक स्वतंत्र माणूस, त्याला स्वतःचं नाव हवं. अशा नोंदी दुरुस्त करा, होत नसेल तर गाळा. देशात सुमारे ८ कोटी स्त्री-मतदार धरल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ २८ लाख जणींची नावं यादीतून गळली. बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि तुम्ही ज्या राज्याच्या अंगणात उभ्या आहात त्या मध्य भारतातल्या. राज्यघटनेनं दिलेलं मत चुलीपाशी बसलेल्या त्या बाईपर्यंत आलं आणि नाव नसल्यामुळे परत गेलं.

सेन यांचा निर्णय कठोर वाटतो, पण तो बरोबर होता असं मी ठामपणे मानते. 'मांगूची आई' चालवून घेतली असती तर मत दिलं असतं, माणूसपण नसतं दिलं. ही नामुष्की झाली म्हणून तर पुढच्या याद्यांसाठी घरोघर नावं विचारली गेली. १९५७ पर्यंत चित्र पुष्कळ सुधारलं.

१९५१ च्याच सप्टेंबरात दिल्लीत महूचे भीमराव, आता देशाचे कायदामंत्री डॉ. आंबेडकर, राजीनामा देतात. अनेक कारणांतलं एक मोठं कारण म्हणजे हिंदू कोड बिल रखडलं. घटस्फोट, वारसा, एकपत्नीत्व, सगळं त्या विधेयकात आहे.

आणि याच धार जिल्ह्यातल्या सरदारपूरची एक आदिवासी तरुणी निवडणुकीला उभी आहे. जमुनादेवी, जन्म १९२९. मध्य भारताच्या पहिल्या विधानसभेत ती निवडून जाते. एका बाजूला नाव न सांगणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला हिचं नाव मतपेटीवर. निवडणूक तीच, मुलूख तोच.

१९५५ ते १९६२, देवास

हिंदू कोड बिल तुकड्यातुकड्यानं मंजूर होतं. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा: दुसरी बायको करता येणार नाही, बाईलाही घटस्फोट मागता येईल. १९५६ मध्ये वारसा कायदा: बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा, आणि विधवेला आजवर हयातीपुरती वापरायला मिळणारी मिळकत आता पूर्ण मालकीची. संस्थानाची हद्द आता आडवी येत नाही. ज्या राणीला माहेरी परतण्यावाचून मार्ग नव्हता, तिच्या नातीच्या वयाच्या मुली न्यायालयात जाऊ शकतात.

कायदा जिथे पोचत नाही अशाही जागा आहेत. १९६१ मध्ये भानुमती बाळंतपणात जातात. नवऱ्याला मरणाच्या दारातून परत आणणारी ही बाई स्वतः बाळंतपणातून उठली नाही. त्या काळी घराघरात अशी एक तरी बाई होती. टेकडीच्या पायथ्याच्या घराला 'भानुकुल' असं नाव मिळालं, त्यात त्या राहिल्या. १९६२ मध्ये कुमारजींच्या शिष्या वसुंधरा या घरात आल्या. त्यांनी साथही केली आणि स्वतंत्र मैफलीही. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या स्वतःच्या गाण्यासाठी.

१९७९, देवासहून इंदूर

आता तुम्ही देवासहून सकाळच्या बसनं इंदूरला निघाला आहात. बस भरलेली आहे: नोटांच्या छापखान्यातले कामगार, किर्लोस्करांच्या कारखान्यातले फिटर, पर्स छातीशी धरलेल्या शिक्षिका आणि कारकून मुली. टांग्याचा पडदा कुणाला आठवतही नाही. तुमच्या पिशवीत पोटगीच्या दाव्याचे कागद आहेत.

न्यायालयाच्या बाकावर सगळीकडे एकाच बाईची चर्चा. शाहबानो. वय साठीपलीकडचं, पाच मुलांची आई, नवरा वकील. १९३२ मध्ये लग्न झालं, १९७५ मध्ये घराबाहेर काढलं, १९७८ मध्ये तिनं पोटगी मागितल्यावर तलाक दिला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये महिना २५ रुपये ठरवले. शेजारची बाई बोटं मोजते: दूध, रॉकेल, भाडं. पंचवीस कशाला पुरतात? पण तीच पुढे म्हणते, "पंचवीस का असेनात, लागतात असं कोर्टानं म्हटलं ना."

पुढल्या वर्षी उच्च न्यायालय रक्कम १७९ रुपये २० पैसे करतं. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड तो निकाल कायम करतात. मग देशभर वादळ उठतं. दडपणाखाली शाहबानो स्वतःच निकाल नाकारते, १९८६ मध्ये संसद नवा कायदा करते. भांडण धर्माचं झालं, मतांचं झालं, आणि म्हाताऱ्या बाईच्या महिन्याच्या खर्चाचा प्रश्न मागे पडला. तिचं नाव आता सगळ्या देशाला पाठ आहे. कागदावर नाव येणं ही सुरुवात असते, त्या नावामागच्या बाईचं ऐकून घेणं पुढे राहतं, हे या बाकावर बसून तुम्ही शिकता.

१९९४, धार जिल्हा

तुम्ही सरपंच आहात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना राखल्या आणि देशात सगळ्यात आधी निवडणुका घेतल्या त्या मध्य प्रदेशानं. तुमचं गाव भिलांचं. निंदणी, कापूस वेचणी, मजुरीसाठी गुजरात, हे सगळं तुम्ही केलं आहे. पुरुषांशी बोलायला तुम्ही कधी घाबरला नाहीत. शेत मात्र नवऱ्याच्या नावावर आहे आणि खुर्चीही त्यानंच धरली आहे. गावात त्याला 'सरपंचपती' म्हणतात, तहसीलदारही त्यालाच चहा देतो.

पंचायतीचा सचिव रजिस्टर घेऊन घरी येतो. शाईचा पॅड उघडतो. "बाई, इथे अंगठा."

"काय लिहिलंय?"

तो नवऱ्याकडे बघतो. "हातपंपाचं."

"वाच."

वाचताना तो अडखळतो. हातपंप एकाच्या अंगणात बसवायचा ठराव आहे, पाड्यावर नाही. तुम्ही अंगठा मागे घेता. त्या रात्री मुलीच्या पाटीवर तुमचं नाव लिहायला सुरुवात होते. पहिलं अक्षर वाकडं, दुसरं त्याहून वाकडं. पण पुढच्या बैठकीला तुम्ही स्वतः जाता, खुर्चीवर बसता आणि सही करता. नवरा दारात उभा राहतो. काही दिवस चिडतो. मग पाड्यावर पाणी येतं आणि बायका थेट तुमच्याकडेच येऊ लागतात.

सगळ्या गावांत असं झालं नाही. कित्येक ठिकाणी सरपंचपती पाच वर्षं खुर्चीवरून हलले नाहीत. तरी ज्या जिल्ह्यात 'मांगू की माँ'चं नाव यादीतून गळलं होतं, तिथे आता शेकडो बायका स्वतःच्या नावानं निवडून आलेल्या आहेत. १९९८ मध्ये त्याच जमुनादेवी, लोकांच्या बुआजी, मध्य प्रदेशाच्या पहिल्या महिला उपमुख्यमंत्री होतात.

२०००, देवास

शतकाचा शेवटचा थांबा, भाऊबीज. तुम्ही माहेरी आला आहात. ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं. भाऊ घुटमळतो आणि कपाटातून एक कागद काढतो. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांनी स्वतः घेतलेलं शेत आणि हे घर.

"ताई, पटवाऱ्याकडे नामांतरण करायचंय. हक्कसोडपत्र आहे. फक्त सही."

भाऊ वाईट नाही. तुमच्या मुलाच्या मुंजीला तोच धावला. आई खाली मान घालून पानं वाढते आहे. 'बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं' हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं आहे. १९५६ चा कायदा तुमच्या बाजूनं आहे आणि खोलीतली एकूण एक माणसं त्याच्या विरुद्ध. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती अजून पाच वर्षं दूर आहे. पण ती आल्यावरही कागद असाच पुढे केला जाणार आहे, सणाच्या दिवशी, ओवाळणीनंतर.

शतकभर या दोन गावांत फिरून मला एवढं पक्कं कळलं आहे: कायदा दिल्लीत होतो, नोंद गावात होते. हजेरीवर रेघ मारणारी मास्तरीण, यादी करणारा कारकून, ठराव लिहिणारा सचिव, सातबारा किंवा खसरा भरणारा माणूस आणि ताटाशेजारी कागद ठेवणारा भाऊ, यांच्या हातात बाईच्या हक्काचा शेवटचा हातभर रस्ता असतो. बाईनं मागावं अशी अपेक्षा शंभर वर्षं झाली. आता ज्याच्या हातात कागद आहे त्यानं तिचं नाव आधी घालावं, तिच्या मागण्याची वाट बघू नये.

म्हणून या प्रवासातून घरी पोचलात की घरातले कागद बाहेर काढा: शेताचा उतारा, घरपट्टी, सोसायटीचं भागपत्र, बँकेतल्या ठेवीचं नामनिर्देशनपत्र. आई, बायको, बहीण, मुलगी, ज्या कागदावर जिचं नाव असायला हवं आणि नाही, तिथे ते घालण्याचा अर्ज करा. पटवारी, तलाठी म्हणाला पुढच्या महिन्यात या, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा.